काचेतला देव आणि काचेतला नट

रंगीत काचेच्या तावदानात कोणी सिनेमाचा नट बसवला, की आमच्याकडच्या चोखंदळ मंडळींच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावे. अलीकडे ही हौस वाढत चालली आहे. ही विद्या शिकलेल्या एखाद्या कारागिराला गाठून कोणी जिन्याच्या खिडकीत चार्ली चॅप्लिन बसवून घेतो, कोणी दिवाणखान्याच्या दारात अमिताभ बच्चन. आणि घरात दहा वर्षांचा मुलगा असला तर त्याच्या खोलीला स्पायडरमॅनच लागतो. वास्तुशांतीला आलेले पाहुणे ते पाहतात, लाडू खातात आणि फाटकाबाहेर पडल्यावर एकमेकांना म्हणतात, "काय ही अभिरुची! ज्या काचेत संतमहात्मे बसायचे, तीत आता हे!"

लाडू खाऊन झाल्यावरच हे सुचते, याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की असे बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती संतमहात्म्यांची काच जवळ जाऊन पाहिलेली असते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. स्टेन्ड ग्लास ही देवळाची कला. तिच्यातून येणारा उजेड गंभीर, पवित्र, आत्म्याला वर नेणारा. सिनेमा, चित्रकथा, क्रिकेट ही चार घटकांची करमणूक. उच्च कलेच्या पात्रात हा सवंग पदार्थ वाढला की पात्रही बाटते. हे मत ज्याला मान्य असेल त्याने हा लेख इथेच सोडून पुढची कथा वाचायला हरकत नाही. मला ते मान्य नाही. आणि दिवाळीच्या दिवसांत तर ते मान्य होणे मुळीच शक्य नाही. कारण प्रत्येक मराठी घराच्या दारावर या दिवसांत जी वस्तू टांगलेली असते ती त्या शार्त्रच्या खिडकीची धाकटी बहीणच आहे. आकाशकंदील म्हणजे दुसरे काय? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीने चिकटवलेला पतंगी कागद, आणि आत दिवा. तिकडे कामट्यांच्या जागी शिशाच्या पट्ट्या, कागदाच्या जागी काच, आणि दिव्याच्या जागी सूर्य. रंगावर पडणारा उजेड आणि रंगातून येणारा उजेड यांत काय फरक आहे, हे ज्याने लहानपणी लाल जिलेटिनचा तुकडा डोळ्यांपुढे धरून अंगण पाहिले आहे त्याला कोणी युरोपात नेऊन शिकवायला नको. आणि त्या कंदिलावर मुलांनी केव्हा चांदणी काढली, केव्हा विमान केले, केव्हा आवडत्या नटाचा चेहरा डकवला, म्हणून कोणाची लक्ष्मी दारातून परत गेल्याचे ऐकिवात नाही.

पण धाकट्या बहिणीवरून थोरलीचा न्याय करू नये, असे कोणी म्हणेल. तर चला, थोरलीकडेच जाऊ.

पॅरिसच्या नैर्ऋत्येला शार्त्र नावाचे गाव आहे. तिथले जुने देऊळ ११९४ साली आगीत जळाले आणि पुढच्या काही दशकांत नवे उभे राहिले. त्याच्या दीडशेहून अधिक खिडक्यांतली बरीचशी काच तेराव्या शतकातलीच आहे. रंगीत काचेचे नाव काढले की जाणकार प्रथम तिकडेच हात जोडतात. आता या खिडक्यांच्या तळाशी कोण आहे ते पाहा. तिथे पाव विकणारे भटारी आहेत, जोडे शिवणारे चांभार आहेत, चाके करणारे सुतार आहेत. आणि एका खिडकीत तर सम्राट शार्लमेन व त्याचा सरदार रोलां यांची सारी कथा आहे. खाली फरचे व्यापारी गिऱ्हाइकाला अंगरखा दाखवीत आहेत, आणि वर रोलां मरतेवेळी शिंग फुंकतो आहे, आपली तलवार शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून खडकावर आपटून मोडायला पाहतो आहे.

हा रोलां कोण? धर्मग्रंथात त्याचा पत्ता नाही. तो शाहिरांचा नायक. बाजारात, सरायांत, यात्रेच्या वाटेवर लोक त्याचे पोवाडे ऐकत आणि रडत. आपल्याकडे तानाजीचे जे झाले तेच त्याचे. म्हणजे त्या काळच्या लोकांचा जो सर्वांत लाडका वीर, ज्याला आजच्या भाषेत 'हिरो' म्हणावे, तो देवळाच्या खिडकीत जाऊन बसला. आणि त्याच्या पायाशी त्याचे चाहतेही बसले. आठशे वर्षे झाली. देऊळ बाटले नाही. उलट त्या खिडकीपुढे आपली चोखंदळ मंडळी टोपी काढून उभी राहतात. याचा अर्थ असा, की त्यांची हरकत लोकप्रियतेला नाही. लोकप्रियता शिळी झालेली असली म्हणजे त्यांना चालते.

मुंबईत तरी काय आहे? विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहात मोठी गोल खिडकी आहे. तिच्यात संत नाहीत, बारा राशी आहेत. वर्तमानपत्रातले राशिभविष्य वाचणाऱ्याला हसणारे आमचे पदवीधर मेष-वृषभांच्या त्याच उजेडात पदव्या घेत आले. बोरीबंदरच्या तावदानांत पाहावे तर आगगाडीच्या कंपनीचे चिन्ह. कंपनीचे चिन्ह काचेत शोभते, मेंढा आणि विंचू शोभतात, आणि राजेश खन्ना तेवढा शोभत नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? मला दिसते ते इतकेच, की ती काच साहेबाने आणली होती आणि ही आमच्याच पेठेतल्या माणसाने केली आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. त्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले हे योग्यच झाले, पण बोलताना आमच्या तोंडी जुन्या सवयीने नगर येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. या नगरला अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८३१ साली आली. ही मंडळी ज्या पंथातून आली, त्याची पाळेमुळे इंग्लंडातल्या प्युरिटनांत. मूर्ती नको, चित्र नको, रंगीत काच तर नकोच. देवाच्या घरात पांढरा उजेड यावा आणि वचन ऐकू यावे, एवढे त्यांना पुरे. त्यांच्याच पूर्वजांच्या काळी, १६४३-४४ साली, विल्यम डाउझिंग नावाच्या गृहस्थाने केंब्रिजशायर आणि सफोक या परगण्यांतल्या शेकडो चर्चमधून हिंडून रंगीत तावदाने फोडवली, आणि कुठे काय फोडले याची रोजनिशीही ठेवली. तोही अभिरुचीचाच माणूस होता म्हणा. काचेत अमुक चेहरा असू नये, या मताचा तो सर्वांत प्रामाणिक पुरस्कर्ता. आमचे टीकाकार नुसते नाक मुरडतात. त्याने काठी हाती घेतली.

पण गंमत पाहा. अशा साध्या भिंतींच्या पंथाच्या छायेत नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक येऊन राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ती उपासनेत चक्क कीर्तन आणले. टाळ आले, अभंग आले, ओवी आली. येशूची कथा नगरच्या माणसाने तुकोबाच्या चालीवर ऐकली. हे बाहेरचे पात्र, हा आतला पदार्थ, यांचा मेळ कसा बसणार, अशी शंका तेव्हाही घेता आली असती. मेळ बसला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचली आहेत त्याला हे सांगायला नको, की त्या घरात सोवळ्याच्या किती भिंती पडल्या आणि त्या पडताना घरात हसण्याचा आवाजही किती झाला.

आणि याच नगरच्या ख्रिस्ती समाजात १९१८ साली एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव शाहू मोडक. १९३२ च्या 'श्यामसुंदर' बोलपटात तो कृष्ण झाला, आणि पुढे इतक्या वेळा कृष्ण झाला की लोकांना कृष्ण म्हटले की तोच दिसू लागला. 'माणूस'मधला पोलीस शिपाई गणपत तोच. आणि १९४० साली प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झाला तोही तोच. त्या बोलपटाने महाराष्ट्राला ज्ञानोबाचा चेहरा दिला. आता ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली कुठे? आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये. ज्या खांबाला टेकून ती सांगितली म्हणतात तो पैस खांब आजही तिथे उभा आहे आणि लोक त्याला मिठी मारतात. म्हणजे नेवाशाचा संत आणि नगरचा ख्रिस्ती नट, एकाच जिल्ह्यातले, साडेसहाशे वर्षांच्या अंतराने, पडद्यावर एक झाले.

आता मी त्या आठी पडलेल्या मंडळींना एक साधा प्रश्न विचारतो. उद्या नगरच्या एखाद्या माणसाने आपल्या खिडकीत 'संत ज्ञानेश्वर'मधले शाहू मोडक बसवून घेतले, तर ते काय झाले? संताचे तावदान की नटाचे? पवित्र की सवंग? उच्च की उथळ? तुमच्या दोन कप्प्यांपैकी ते कोणत्या कप्प्यात घालायचे ते आधी ठरवा, आणि मग स्पायडरमॅनकडे बोट दाखवा.

हा प्रश्न मोडकांपुरता नाही. १९३६ च्या 'संत तुकाराम'नंतर विष्णुपंत पागनिसांचा चेहरा कितीतरी घरांत तुकोबांचा म्हणून भिंतीवर गेला. त्याआधी रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी हेच केले होते. आपण ज्याला देवाचे रूप म्हणतो ते आपल्या घरात आले ते छापखान्याच्या, नाटकाच्या, बोलपटाच्या वाटेने. त्या वाटेला आता सवंग म्हणणे म्हणजे ज्या पुलावरून आलो तो उतरल्यावर मोडण्यासारखे आहे.

शिर्डीची गोष्ट तर याहून बोलकी. साईबाबा १९१८ साली समाधिस्थ झाले. त्यांची जुनी छायाचित्रे मोजकी. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती समाधिमंदिरात बसली १९५४ साली, आणि पुढची सारी चित्रे त्या मूर्तीकडे पाहून निघू लागली. १९७७ साली 'शिर्डी के साईबाबा' आला आणि बाबा जिथे मराठी पोचत नाही तिथेही पोचले. आज कोपरगाव-राहात्याच्या रस्त्याला उभे राहिलात तर दर चौथ्या गाडीच्या मागच्या काचेवर ते बसलेले दिसतील, गुडघ्यावर पाय टाकून. भक्तीची मूर्ती कुठे संपली आणि लोकांच्या आवडीची कुठे सुरू झाली, हे त्या गाडीवाल्याला विचारा. तो तुमच्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहील. अरणगावजवळच्या मेहेराबादेतही तेच. मेहेरबाबांच्या समाधीच्या आतली भित्तिचित्रे १९३८ साली हेलन दाम या स्विस चित्रकर्तीने रंगवली, आणि १९७१ साली विलायतेतल्या एका वाद्यवृंदाने आपल्या गाण्याच्या नावात त्या बाबांनाच बसवले. आमच्या जिल्ह्यात संत आणि लोकप्रिय मूर्ती यांच्यामधला बांध कोणी घातलेलाच नाही. शेजारच्या शेतातून पाणी येते तसे हे येत राहते.

गाडीच्या काचेचा विषय निघाला म्हणून दोन शब्द त्या रेडियमवाल्याविषयी बोलू द्या, कारण त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. गॅरेजच्या बाजूला टपरीत बसणारा हा माणूस. रंगीत चिकट कागदातून पात्याने आकृती कापायची आणि काचेवर चढवायची, हा त्याचा धंदा. आता बहुतेक ठिकाणी कापायला यंत्र आले आहे. पण हाताने कापणाऱ्या जुन्या माणसाचे काम पाहा. बाबांच्या डोक्याच्या फडक्याची एक रेघ, दाढीची एक, भुवईच्या दोन. पाच-सहा तुकड्यांत चेहरा संपला, आणि चालत्या गाडीवरून शंभर पावलांवर ओळखू येतो. काचेवर चेहरा काढण्याचे जे मर्म आहे ते या माणसाच्या बोटांत आहे: कमीत कमी रेघ आणि मागचा उजेड. त्याला कोणी कलावंत म्हणत नाही, आणि त्यालाही ते कोणी म्हणावेसे वाटत नाही. गिऱ्हाईक ताटकळले आहे हेच त्याला पुरते.

आता विरुद्ध पक्षाचा एकच मुद्दा असा आहे की ज्याला मी मान देतो. ते म्हणतात, काच आठशे वर्षे टिकते आणि नटाची कीर्ती आठ वर्षेही टिकत नाही. आजचा हिरो उद्या कोण ओळखणार? मग तुमच्या नातवाने त्या खिडकीचे काय करायचे?

मुद्दा खरा आहे. पण तो नटाला जितका लागू आहे तितकाच मान्यवरांनाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये १९५३ साली दोन सेनापतींच्या सन्मानार्थ तावदाने बसवली, ली आणि जॅक्सन यांच्या. दोघेही गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या बाजूचे. तेव्हा कोणालाही त्यात अभिरुचीचा भंग दिसला नाही. सेनापतीच ते, घोड्यावरचे, प्रतिष्ठित! २०१७ साली ती तावदाने उतरवावी लागली, आणि २०२३ साली त्यांच्या जागी केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णी चित्रकाराने रेखाटलेली नवी बसली. हक्कांसाठी मोर्चा काढणारी साधी माणसे तिच्यात आहेत. म्हणजे काढून टाकायची पाळी आली ती कोणा विदूषकाच्या खिडकीवर नव्हे, सेनापतींच्या. त्याच कॅथीड्रलमध्ये १९७४ पासून एका तावदानात चंद्रावरून आणलेला दगडाचा तुकडा बसवलेला आहे, आणि बाहेरच्या मनोऱ्यावर 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या डार्थ व्हेडरचे दगडी तोंड आहे. मुलांच्या एका स्पर्धेतून ते सुचले. त्या तोंडावरून कोणाचा अपमान झाला नाही. अपमान झाला तो गंभीर चेहऱ्याच्या खिडकीने.

तिकडे केहिंडे वायली या अमेरिकन चित्रकाराने तर जुन्या संतांच्या ठेवणीत शर्ट-टोप्या घातलेली रस्त्यावरची कृष्णवर्णी तरुण पोरे काचेत बसवली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या मॉयनिहान स्थानकाच्या छतावर नाचणारी पोरे काचेवर रंगवली. स्थानक २०२१ च्या पहिल्या दिवशी उघडले. ज्यांना आजवर कोणी मान वर करून पाहिले नव्हते, त्यांना पाहण्यासाठी आता लोक मान वर करतात. या कलेत कोणाचा चेहरा घ्यायचा हा प्रश्न शोभेचा नाही. कोण डोक्यावर घेण्याजोगा, हे ती ठरवते. तो अधिकार चार चोखंदळांच्या हाती का द्यावा, ज्यांनी इतकी वर्षे साहेबाने आणलेलीच काच पाहिली?

इतके बोलल्यावर वाचकांना वाटेल की आजकाल काचेत जे जे बसते आहे त्याचा मी वकील आहे. मुळीच नाही. माझे भांडण आहे, आणि कडाक्याचे आहे. पण ते चेहऱ्याशी नाही.

माझे भांडण प्लास्टिकशी आहे. बाजारात आता पातळ पारदर्शक झिल्ली मिळते. तिच्यावर यंत्राने रंग छापलेले, काळ्या जाड रेघा छापून शिशाच्या पट्टीचे सोंग आणलेले. साध्या काचेवर ती चिकटवली की झाले 'स्टेन्ड ग्लास'! नगरसारख्या उन्हाच्या मुलखात ती दोन-चार उन्हाळ्यांत फिकी पडते, कडांनी सुटते, मध्ये फुगे धरते. त्या फुगलेल्या झिल्लीत गणपती असला काय आणि रजनीकांत असला काय, दोघांचीही सारखीच विटंबना. आश्चर्य असे, की आमच्या चोखंदळ मंडळींना ही विटंबना दिसत नाही. झिल्लीत राधाकृष्ण असले की ते म्हणतात, छान. खऱ्या काचेत दादा कोंडके असले की म्हणतात, छी. काचेकडे पाहण्याऐवजी चेहऱ्याकडे पाहण्याचे हे फळ.

खरी काच कशी होते हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. तिचा रंग वरून लावलेला नसतो, आतला असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूची भस्मे घालतात. कोबाल्टने ती निळी होते, तांब्याने किंवा सोन्याने तांबडी. कारागीर आधी कागदावर खरी मापे घेऊन चित्र काढतो, त्याचे तुकडे पाडतो, तुकड्याबरहुकूम काच कापतो. नाकाडोळ्यांच्या रेषा लोखंडाचे भस्म आणि काचेची बारीक पूड कालवून काढतात आणि तो तुकडा सहाशे अंशांच्या पुढे भट्टीत भाजतात. मग ती रेघ काचेचाच भाग होते. नखाने काय, शतकानेही निघत नाही. चांदीच्या क्षाराचा हात दिला तर पांढरी काच भट्टीतून पिवळी होऊन बाहेर येते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातल्या संतांचे केस आणि मुकुट असे पिवळे झाले. शेवटी दोन्ही बाजूंनी खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवतात आणि सांध्यांना डाख देतात. लहान कामाला तांब्याची पातळ पट्टी कडेला गुंडाळून डाखायची रीत आहे. अमेरिकेतल्या टिफनीच्या कारखान्याने ती नावारूपाला आणली आणि आजची हौशी मंडळी बहुधा तीच वापरतात. शिसे विषारी, म्हणून हात धुतल्याशिवाय चहा प्यायचा नाही, हा त्या कारखान्याचा पहिला नियम.

हे आपल्याला परके आहे असेही नाही. पैसा पैसा गोळा करून तळेगावला १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना याच महाराष्ट्राने काढला. ओगलेवाडीच्या भट्टीतून निघालेल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आपल्या वाडवडिलांनी अभ्यास केला. आणि मुंबईच्या राजाबाई टॉवरची व विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जुनी रंगीत तावदाने झिजली, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीचे काम स्वाती चांदगडकर यांनी केले. त्या इमारतीचा जीर्णोद्धार २०१५ साली पुरा झाला. हात इथे आहेत. त्या हातांना काम देणारा मात्र झिल्लीच्या दुकानात उभा आहे, कारण झिल्ली स्वस्त. अहो, मग लहान घ्या! अख्खी भिंत झिल्लीने मढवण्यापेक्षा वीतभर खरी काच दाराच्या वरच्या झरोक्यात बसवा. तोळाभर सोन्याऐवजी परातभर पितळ आपण मुलीच्या अंगावर घालीत नाही.

कारागिरांवरही माझा राग आहे, तो लपवीत नाही. पुष्कळदा ते मेहनत सारी करतात आणि चित्र मात्र आयते उचलतात. गिऱ्हाइकाने भ्रमणध्वनीवर नटाचे छायाचित्र दाखवले की त्याच्याच बाह्यरेषेवर कागद ठेवायचा आणि तुकडे पाडायचे. छायाचित्र सावलीने बोलते आणि काच रेघेने बोलते, एवढे साधे भान राहत नाही. मग नटाच्या गालावरून शिशाची पट्टी अशी जाते, की त्याला कोणी वस्तरा मारला आहे असे वाटावे. यापेक्षा तो स्पायडरमॅन बरा! त्याच्या अंगरख्यावर जाळे मुळातच विणलेले. शिशाच्या पट्टीला इतका सोयीचा नायक विश्वामित्राने प्रतिसृष्टी केली तेव्हाही सुचला नसता. पण म्हणून सगळ्या मुलांच्या खोल्यांत तोच दिसावा हे काही मला फारसे रुचत नाही. त्याच्या तयार आकृत्या विलायतेतून छापून मिळतात, आमच्या माणसांच्या मिळत नाहीत, एवढेच त्याचे कारण. आमच्या माणसांच्या आकृत्या कोणी काढायच्या? चित्रकला शिकवणाऱ्या शाळांनी, शिक्षकांनी, त्या रेडियमवाल्याने. नेवाशाच्या पोराला आपल्या गावच्या खांबाची आकृती मिळाली तर तो काय ती टाकून देणार आहे?

जिल्ह्यात एखादे नवे नाट्यगृह किंवा वाचनालय बांधायला निघाले, की दर्शनी भागाला निळ्या काचेचे सपाट कवच चढवायची आता रीत पडली आहे; बँक की इस्पितळ ते पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. त्यातली एकच खिडकी, फक्त एक, काढून घ्यावी आणि रंगीत काचेला द्यावी. चेहऱ्यांना तोटा नाही. पडद्यावर लोकांना घाबरवून सोडणारे आणि मग नगरच्या रस्त्यावर साध्या सदऱ्यात हिंडणारे सदाशिव अमरापूरकर आहेत. श्रीरामपूरचा झहीर खान चेंडू टाकण्याआधीच्या उडीत आहे. ती उडी शिशाच्या एका सलग वळणात येईल. संगमनेरला फड उभारून राहिलेल्या कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या. घुंगरांच्या पायांचे एक तावदान त्यांचे व्हावे, आणि ते बसवताना कोणाला लाज वाटली तर त्याने तमाशाच्या तंबूत आपण कुठल्या रांगेत बसत होतो ते आठवावे. लक्ष्मीबाई टिळकांनाही मी सोडणार नाही. त्या काही नटी नव्हत्या, पण त्यांच्याइतके हशे कोणी वसूल केले?

पहिला मान मात्र शाहू मोडकांच्या ज्ञानेश्वराचा. चित्रपट कृष्णधवल, तेव्हा रंग ठरवण्याचा अधिकार कारागिराचाच. शेल्याला चांदीचा पिवळा घ्यावा असे मी सुचवीन, आणि मागे प्रवरेचे पाणी कोबाल्टच्या निळ्यात. पैस खांब बाजूला उभा घेतला तर त्याच्या कडेने मुख्य पट्टी सरळ वरपर्यंत नेता येईल, म्हणजे वाऱ्यापावसाचा जोर तीच झेलील. खिडकी पूर्वेची असावी. चेहऱ्याला काच एकसंध घ्यावी, अंमळ जाड, सांध्याशिवाय. आणि खर्चाची ओढाताण होऊ लागली तर ती पाण्यात करावी, चेहऱ्यात करू नये.